सूट नको, सोबत हवी

एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम महाराष्ट्रात २००१ साली सुरू झाला आणि पाहता पाहता सरकारी नोकरीच्या वाटेवरचा टोलनाका झाला. शिक्षकांनाही तो चुकला नाही. ३१ डिसेंबर २००७ या मुदतीपर्यंत जे उत्तीर्ण झाले नाहीत त्यांच्या वेतनवाढी रोखायच्या आणि दिलेल्या असतील तर वसूल करायच्या, असे आदेश निघाले. त्यावरून अर्ज, निवेदने, कोर्टकज्जे असे सगळे रीतसर झाले. याच नियमांत वयाची ५० वर्षे पूर्ण केलेल्यांना परीक्षेतून सूट होती. वरवर पाहता ही माणुसकीची तरतूद. पण पन्नाशीनंतर माणूस हे काही शिकायचा नाही, असे सरकारने तिच्यातून लेखी मान्यच करून टाकले. पुढे २०१५ मध्ये ‘सरल’ हे विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदींचे पोर्टल आले. पगारासाठी शालार्थ, शाळेच्या माहितीसाठी यू-डायस प्लस, पोषण आहाराची रोजची नोंद, विद्यार्थ्यांचे आधार जुळवणे, अपार आयडी, चाचण्यांचे गुण चॅटबॉटवर चढवणे असे एकेक येत गेले. यातल्या एकाही कामाला पन्नाशीची सूट नव्हती. म्हणजे शिकण्याची सक्ती नाही, पण येण्याची आहे. आपल्याकडचे ज्येष्ठ शिक्षक गेली दहाएक वर्षे या विसंगतीत उभे आहेत, आणि ‘जुन्या लोकांना तंत्रज्ञान जमत नाही’ या सोप्या वाक्याने आपण ती झाकून टाकतो.

माझे म्हणणे असे, की अडचण वयाची थोडी आणि पद्धतीची फार आहे. ज्या वाटेने तंत्रज्ञान या शिक्षकांपर्यंत पोहोचले ती वाट मुळात शिकवण्याकडून आलीच नाही. ती कार्यालयाकडून आली. मदत करायची असेल तर उलट टोकाने, म्हणजे त्यांच्या रोजच्या पाठापासून, सुरुवात करावी लागेल. आणि ही मदत एकदा भरवलेल्या प्रशिक्षणवर्गाने होणार नाही. शेजारी बसून, वर्षभर, कुणालातरी ती करावी लागेल.

आधी हा प्रश्न केवढा आहे ते पाहू. राज्यात एक लाखाहून अधिक शाळा आणि सात लाखांवर शिक्षक आहेत. २०१२ नंतर शिक्षकभरती जवळजवळ थांबली. भरतीसाठीचे पवित्र पोर्टल २०१७ मध्ये आले आणि त्यातून पहिल्या नेमणुका व्हायला २०१९ उजाडले. ज्या वर्षांत स्वस्त स्मार्टफोन आणि स्वस्त इंटरनेट गावोगावी पोहोचले, नेमक्या त्याच वर्षांत शाळांमध्ये नवे चेहरे येणे बंद होते. दरवर्षी निवृत्तीने जागा रिकाम्या होत गेल्या आणि उरलेल्यांचे वय वाढत गेले. शिक्षकवर्ग वयस्क झाला तो असा, धोरणातून. त्याचा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. शिवाय ‘तरुण शिक्षकाकडे सोपवा’ हा सल्ला शहरातल्या मोठ्या शाळेत चालतो. द्विशिक्षकी शाळेत सोपवायचे कुणाकडे? दुसरे गुरुजीही पहिल्याच्याच वयाचे असतात.

आता कार्यालयाकडून आलेले तंत्रज्ञान कसे असते ते जरा जवळून बघू. एखाद्या विद्यार्थ्याचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरला एक, आधारवर दुसरे. एकीकडे आजोबांचे नाव मधेच शिरलेले, दुसरीकडे जन्मतारीख १ जून. पोर्टलवर दोन्ही जुळत नाहीत. जुळले नाहीत तर तो विद्यार्थी संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदे ठरवणाऱ्या हिशेबात, धरला जात नाही, आणि विद्यार्थी कमी भरले तर शिक्षकाचे पदच अतिरिक्त ठरू शकते. पालक ऊसतोडीला गेलेले, ओटीपी त्यांच्या फोनवर, फोन रेंजबाहेर. इकडे सर्व्हर बंद आणि केंद्राच्या, म्हणजे दहा-पंधरा शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर संदेश : ‘आज सायंकाळी पाचपर्यंत, अन्यथा कारवाई’. ज्या माणसाची संगणकाशी पहिली ओळख ही अशी झाली, त्याच्या मनात पडद्याविषयी प्रेम कुठून उपजणार? त्याच्या लेखी संगणक म्हणजे साहेबांचा डोळा. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही शिक्षकांची घोषणा तंत्रज्ञानाविरुद्ध नव्हती. पण ती ऐकणाऱ्यांनी बरेचदा तशीच ऐकली.

या ताणातून शाळांनी आपापला मार्ग काढला. प्रत्येक केंद्रात एक-दोन ‘तंत्रस्नेही’ शिक्षक तयार झाले. शब्द गोड आहे. प्रत्यक्षात या तरुण शिक्षकाच्या वहीत चार शाळांचे पासवर्ड असतात आणि चार शाळांची माहिती भरण्याचे काम त्याच्या गळ्यात पडते. बदल्यात ज्येष्ठ बाई त्याचा वर्ग सांभाळतात, सर त्याच्या वाट्याचे एखादे रजिस्टर लिहून देतात. देवाणघेवाण म्हणून यात काही वावगे नाही, कागदपत्रे वेळेत जातात. मात्र ज्येष्ठ शिक्षक दरवर्षी तिथल्या तिथेच राहतो आणि तरुण शिक्षकाचा वर्ग दरवर्षी उघडा पडतो. मदत करणे आणि दुसऱ्याचे काम उरकून देणे यांतला फरक चौथीतल्या मुलाच्या गृहपाठाबाबत आपल्याला बरोबर कळतो. शिक्षकांच्या बाबतीत तो आपण विसरलो.

वयाचा काहीच संबंध नाही असे म्हणणेही खोटेपणाचे होईल. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, मोबाइलच्या पडद्यावरची बारीक अक्षरे त्रास देतात. नवा क्रम लक्षात राहायला जास्त आवर्तने लागतात. टंकलेखनाचा सराव नसेल तर एक परिच्छेद लिहायला पाऊण तास जातो. मराठीची तर वेगळीच गंमत आहे. एका शाळेत जुन्या फाँटमध्ये बसवलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चित्रविचित्र चिन्हे येतात, आणि ज्याने ती मेहनतीने टाइप केली त्याला वाटते की आपलेच काहीतरी चुकले. खरे तर चूक त्या फाँटची असते. युनिकोडमध्ये लिहिले तर हा प्रकार होत नाही, एवढी एक गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नसते. यातल्या बऱ्याच अडचणींना साधे उपाय आहेत. फोनमधले अक्षर मोठे करता येते. मराठीत बोलून टाइप करण्याची सोय २०१७ पासून सर्वसामान्य अँड्रॉइड फोनमध्ये आहे, आणि ज्यांनी तीस वर्षे स्पष्ट उच्चारात धडे वाचले त्यांचे बोलणे यंत्राला बहुधा नीट कळते. पण हे दाखवायला कुणीतरी शेजारी लागते. सभागृहाच्या टोकाला प्रोजेक्टरवर स्लाइड सरकवून ते होत नाही.

याच्या उलट, तरुण शिक्षकाला हे उपजतच येते ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. मार्क प्रेन्स्की या अमेरिकी लेखकाने २००१ मध्ये ‘डिजिटल नेटिव्ह’ आणि ‘डिजिटल इमिग्रंट’ अशी जोडी रूढ केली आणि जगभरच्या प्रशिक्षकांना जणू जन्मतारखेवरून माणसे वाटून घेण्याची सोय झाली. पुढे संशोधकांनी या वाटणीला फारसा आधार नसल्याचे दाखवले, पण सोयीची कल्पना सहसा मरत नाही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या ज्या ग्रामीण मुलांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांना विचारले, तेव्हा आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचे ५७ टक्क्यांनी सांगितले आणि समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. सराईतपणे बोट फिरवणे आणि त्यातून शिकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शिकवणे ही तर तिसरीच. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या (ओईसीडी) २०१८ च्या शिक्षक-सर्वेक्षणात, ज्यात भारत नव्हता, संपन्न देशांतल्याही फक्त ४३ टक्के शिक्षकांनी अध्यापनाचे शिक्षण संपवताना आपण वर्गात तंत्रज्ञान वापरायला नीट तयार होतो असे म्हटले. तिथे काही सगळेच पन्नाशीचे नव्हते.

मग ज्येष्ठ शिक्षकापाशी असे काय आहे, की ज्यावर हे नवे उभे करता येईल? अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये ते वेगळे काढून दाखवले. विषयाचे ज्ञान वेगळे, शिकवण्याचे सर्वसाधारण तंत्र वेगळे, आणि नेमका हा विषय मुलांना कुठे अडतो याचे ज्ञान त्या दोहोंहून वेगळे. हे तिसरे ज्ञान वर्षानुवर्षे वह्या तपासूनच येते. पुढे २००६ मध्ये पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घालून मांडणी केली, की विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान ही तिन्ही अंगे एकत्र आल्याशिवाय वर्गातले तंत्रज्ञान कामाचे ठरत नाही. उदाहरण त्रिकोणाच्या कोनांचे घेऊ. पुष्कळ मुलांना वाटते की त्रिकोण मोठा असेल तर त्याच्या कोनांची बेरीजही मोठी. अनुभवी बाईंना हे पाठ असते. म्हणून त्या फळ्यावर एक भलाथोरला त्रिकोण काढतात, वहीत एक चिमुकला काढायला लावतात आणि आधी अंदाज विचारतात. मग कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका रेषेवर जोडून दाखवतात. जिओजिब्रा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हाच त्रिकोण पडद्यावर काढून एक शिरोबिंदू बोटाने ओढला, की तीनही कोनांचे आकडे भराभर बदलतात आणि बेरीज १८० वरच राहते. फळ्यावर पाच त्रिकोण काढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात इथे पन्नास पाहून होतात. पण एक मेख आहे. दशांश चिन्हानंतरचे आकडे पूर्णांकित केलेले असल्याने दिसणाऱ्या तीन संख्या मिळवल्या तर कधी १७९.९९ येतात, कधी १८०.०१. चलाख पोर हात वर करतेच. ज्याला फक्त सॉफ्टवेअर येते तो ‘ते सोड’ म्हणून पुढे जातो. ज्या बाईंना गणित आणि मुले दोन्ही कळतात त्या तिथेच थांबतात आणि मोजमाप व सिद्धता यांतला फरक काढून दाखवतात. त्या जागी थांबायचे हे ज्याला कळते त्याला शिरोबिंदू ओढायला शिकवणे सोपे आहे. उलटे शिकवायला वीस वर्षे लागतात.

आपली प्रशिक्षणे नेमकी इथे फसतात. राज्यस्तरावर काहींना शिकवायचे, त्यांनी जिल्ह्यात, जिल्ह्याने तालुक्यात, तालुक्याने केंद्रात, अशी उतरंड असते. प्रत्येक पायरीवर आशय पातळ होतो, आणि शेवटच्या पायरीवर हजेरीपत्रक, चहा आणि फोटो उरतात. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हे शिक्षक-प्रशिक्षण सुरू केले तेव्हा प्राथमिक स्तरावरच्या सुमारे ४२ लाख शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट होते. टाळेबंदीत ते ‘दीक्षा’ या सरकारी मंचावर ऑनलाइन गेले. प्रमाणपत्रे मिळाली, पुष्कळांनी ती मनापासून अभ्यासून मिळवली. काहींनी घरातल्या मुलाकडून व्हिडिओ पुढे ढकलून घेतले, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने दरवर्षी ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. तास मोजण्याच्या या खटाटोपात त्या तासांनंतर पाठ बदलला का, हे कुणी पाहत नाही.

गंमत अशी, की चांगल्या प्रशिक्षणाचा नमुना या ज्येष्ठ शिक्षकांनी स्वतः अनुभवलेला आहे. डीएड-बीएडच्या वर्गातले सूक्ष्म अध्यापन आठवा. स्टॅनफर्डमध्ये १९६० च्या दशकात जन्मलेली ही पद्धत आपल्याकडे छत्तीस मिनिटांच्या चक्रात बसवली गेली : सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण (फीडबॅक), बारा मिनिटांत फेरनियोजन, पुन्हा सहा मिनिटे पाठ, पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य. कधी फलकलेखन, कधी प्रश्न विचारणे, कधी चेतक बदल. पुढे ती पद्धत फाइल पूर्ण करण्यापुरती उरली हा भाग वेगळा, पण तिच्या पोटातली कल्पना भक्कम आहे. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० पासून हेच सांगितले : व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांनी शिक्षकाला कळते, पण वर्गात उतरायला सराव, प्रत्याभरण आणि सोबतीला कुणीतरी लागते. २०१८ मध्ये मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी अशा सोबतीच्या मार्गदर्शनावरचे ६० अभ्यास एकत्र तपासले. शिकवण्याच्या दर्जात चांगलीच सुधारणा दिसली, मुलांच्या गुणांतही दिसली, थोडी कमी.

याच अभ्यासात माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेपही आहे. कार्यक्रम लहान असताना जो फायदा दिसतो तो कार्यक्रम मोठा केला की बराच घटतो. सात लाख शिक्षकांच्या शेजारी बसायला माणसे आणायची कुठून? हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. पण नवी यंत्रणा उभारण्याआधी असलेली वापरून पाहायला काय हरकत आहे? दहा-पंधरा शाळांमागे एक केंद्रप्रमुख ही रचना महाराष्ट्रात तीस वर्षांपासून आहे. केंद्राची शिक्षण परिषद भरते. गट साधन केंद्रात विषयांचे साधनव्यक्ती असतात. केंद्रप्रमुखांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची, जे आहेत त्यांच्याकडे दोन-दोन केंद्रांचा भार द्यायचा, त्यांना माहिती गोळा करणारा टपालवाला करून टाकायचे, आणि मग मनुष्यबळ नाही म्हणायचे, हे बरे नव्हे. केनियात किसुमू भागात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन पर्याय तपासले होते : मुलांना ई-रीडर, शिक्षकांना टॅब्लेट, आणि शाळांना भेटी देणाऱ्या पर्यवेक्षकांना टॅब्लेट. मुलांच्या वाचनावरच्या परिणामात तिन्हींत म्हणावा असा फरक पडला नाही. पर्यवेक्षकांचा पर्याय सगळ्यात स्वस्त होता. तिथल्या देशव्यापी ‘तुसोमे’ कार्यक्रमाने तोच उचलला. पर्यवेक्षक वर्गात बसतो, पाठ पाहतो, टॅब्लेटवर टिपून शिक्षकाशी बोलतो. आपल्या केंद्रप्रमुखाचे काम कागदावर याहून वेगळे नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांबद्दलचा : काहींना शिकायचेच नसते, वय हा बहाणा असतो. असे लोक आहेत. पंचविशीतही असतात, त्यांचा बहाणा निराळा असतो. पण नकार देणारा प्रत्येक जण कामचुकार असतो असे समजणे चूक आहे, कारण या नकाराच्या बाजूने बराच पुरावा आहे. पुण्याच्या बालचित्रवाणीने १९८४ पासून शैक्षणिक कार्यक्रम केले, पुढे निधी आटला आणि २०१७ मध्ये संस्थेला टाळे लागले. ‘एका मुलाला एक लॅपटॉप’ ही जागतिक योजना भारतात पहिल्यांदा उतरली ती २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैरातच्या शाळेत. हीच योजना पेरू देशात प्रचंड प्रमाणावर राबवली गेली, आणि ३१९ शाळांच्या तुलनात्मक अभ्यासात २०१२ साली दिसले की गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडलेला नाही. आपल्याकडे २०१५ नंतर लोकवर्गणीतून शेकडो शाळा ‘डिजिटल’ झाल्या. त्यातल्या काहींची वीज बिल थकल्याने तोडली गेली, आणि टीव्ही कापड घालून कपाटाशेजारी उभा राहिला. तीस वर्षांत ज्याने इतकी यंत्रे येताना आणि धूळ खाताना पाहिली, तो नव्या पॅनेलपुढे जरा थांबून ‘याने काय होणार?’ असे विचारतो, तर तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणे हे मदत करणाऱ्याचे पहिले काम. आणि एखाद्या पाठाला पडदा नकोच, खडू बरा, असे शिक्षकाने ठरवले तर ते मान्य करण्याची तयारीही हवी. परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्याचे योग्य ते कौतुक झाले. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याच्या त्यांच्या कल्पनेचे अनुकरण मात्र आपण नुसते कोड छापून उरकले. कोड उघडल्यावर वर्गात काय करायचे, हा अवघड भाग पुन्हा एकट्या शिक्षकावर सोडला.

तिसरा आक्षेप हिशेबी आहे. चार वर्षांत निवृत्त होणाऱ्यावर खर्च कशाला? जिल्हा परिषदेचा शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. पन्नाशीच्या बाईंकडे पहिली ते चौथीच्या दोन पूर्ण तुकड्या अजून यायच्या असतात. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला, की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ बाकी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हावे. ज्यांच्याकडून बावन्नाव्या वर्षी बालमानसशास्त्राची परीक्षा देण्याची अपेक्षा आहे, त्यांना एक सॉफ्टवेअर शिकवणे मात्र वाया जाईल, हा तर्क काही पटत नाही.

करायचे काय, याची यादी लांबवत नाही. वर्षाला एका शिक्षकाने आपल्या आवडीचे, मुलांना हमखास अडणारे तीन-चार पाठ निवडावेत. साधन त्या पाठावरून ठरावे. शिक्षण परिषदेतली परिपत्रके वाचणे व्हॉट्सअॅपवर न्यावे, त्यासाठीच ते आहे, आणि मोकळ्या झालेल्या वेळात एक पाठ सूक्ष्म अध्यापनासारखा दोनदा घेऊन पाहावा. तंत्रस्नेही शिक्षकाचे पासवर्ड सांभाळण्याचे काम काढून घ्यावे आणि त्याची जोडी एका ज्येष्ठाशी वर्षभरासाठी लावावी. तरुणाने साधन दाखवावे, ज्येष्ठाने मुले कुठे अडतात ते सांगावे. या जोडीत दोघेही शिकतात, आणि ज्येष्ठाला कमीपणा वाटत नाही. पन्नाशीच्या माणसाला नवे शिकताना सगळ्यात जास्त बोचते ती मुलांसमोर फजिती होण्याची भीती. ती टाळायची तर पहिला प्रयोग वर्गाबाहेर, सहकाऱ्यासमोर झाला पाहिजे. माहिती भरण्याचे काम शिक्षकांकडून काढून केंद्राला एक लेखनिक द्यावा, ही मागणी जुनीच आहे. ती मान्य होईपर्यंत बाकीचे थांबू नये एवढेच.

आणि एक विनंती या अंकाच्या वाचकांना. तुमच्यापैकी अनेक जण आपल्या गावच्या शाळेला देणगी देतात. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात, मुंबई-पुण्याहून, दुबई-अमेरिकेहून पैसे येतात, आणि फलकावर नाव लावता येईल असा पॅनेल किंवा प्रोजेक्टर घेतला जातो. या वर्षी देणगी देण्याआधी त्या शाळेतल्या सगळ्यात ज्येष्ठ बाईंना किंवा सरांना फोन करा आणि विचारा, की कुठला पाठ मुलांना जड जातो. मग यंत्राच्या पैशातले थोडे बाजूला ठेवून, वर्षभर आठवड्यातून एकदा त्यांच्या शेजारी बसेल असा माणूस शोधून द्या. त्याचे नाव फलकावर येणार नाही, पण यंत्राला कापड घालायची वेळही येणार नाही.